तिण्णैखालची पानं

तंजावूर
१९ सप्टेंबर १९९७, शुक्रवार

गुरुमूर्तीमामांस भुवनाचा नमस्कार.

पाय कसा आहे? कोंबडी आडवी आली म्हणून सायकलीवरून पडलात असं आई म्हणाली. त्या कोंबडीस काही झालं नाही ना? तिची चौकशी कुणी केली नसेल, म्हणून विचारते.

अक्षरास हसू नका. सातवीनंतर शाळा नाही, आणि ही बाळबोध अक्षरं तुम्ही सुट्टीत शिकवलीत तेवढीच. पण एक बरं आहे. सासूबाईंस तमिळ वाचता येतं, हे येत नाही. म्हणून मनातलं सगळं ह्यातच लिहिते.

मामा, मला फार भय वाटतंय. आमच्या गल्लीचं गटार चार दिवस झाले भरून वाहतंय. तुम्हांस ठाऊक आहे, इथं नळाला जोर नाही म्हणून दारापुढं खड्डा करून त्यात नळ खाली घेतलेला असतो. सगळ्यांनीच घेतलाय. आता गटाराचं पाणी त्या खड्ड्यात उतरतंय. सकाळी पाणी आलं की पहिला चंबू काळा येतो, दुसरा पिवळा, तिसऱ्यास वास. चौथा बरा दिसतो, पण बरा दिसणाऱ्याचंच मला भय वाटतं.

शेजारच्या वसुमतीअक्काच्या नातीस मोठ्या आस्पत्रीत घातलंय. तीन दिवस सलाईन. डोळे आत गेलेत पोरीचे. ती चार वर्षांची आहे. आमची रंजना तर आठ महिन्यांची, मामा. ती जे दिसेल ते तोंडात घालते. काल मी दारात रांगोळी काढत होते तर कोलमचं पीठ खाल्लं. मी पाणी दोनदा उकळते, तिचा चमचाही उकळते. सासूबाई म्हणतात, "मलाही घाल एकदा पातेल्यात. सत्तर वर्षं न उकळता कशी जगले कोण जाणे."

हे तिरुप्पुरात. बनियनच्या कंपनीत परदेशचा माल जायचा आहे म्हणून ह्या महिन्यात सुट्टी नाही. त्यांना कळवलं नाही, उगाच घोर. कौन्सिलरबाईंच्या घरी गेले तर त्यांचे यजमान बाहेर आले, "अम्मा बघतील" म्हणाले. अम्मा आत टीव्ही बघत होत्या.

आपिसात जाऊन मनु दे, लेखी अर्ज दे, असं वसुमतीअक्का म्हणते. सासूबाई म्हणतात, आमच्या घरच्या बायकांनी आपिसाची पायरी चढली नाही कधी. मलाही धीर नाही. तिथं बोलू काय? तुम्ही एकतीस वर्षं सॅनिटरी इन्स्पेक्टर होतात. तिकडून कुणास तरी दोन ओळी लिहा ना. गटार एकदा साफ झालं की मी कुणाला काही मागणार नाही.

भुवना

ता. क. सासूबाईंस वेगळं काही लिहू नका. तुमचं पत्र मीच त्यांना वाचून दाखवते. जेवढं दाखवायचं तेवढंच.


ओरत्तनाडु
२२ सप्टेंबर १९९७

चि. भुवना, आशीर्वाद.

कोंबडी सुखरूप आहे. काल ती माझ्या प्लास्टरवर बसून गेली. चौकशी करणारी तू पहिलीच, म्हणून तिच्यातर्फे आभार.

आता तुझं गटार. मी कुणास लिहून दिलं तर ते काम आणखी महिनाभर मागं पडेल. माझ्या हाताखाली जे होते ते आता तिकडं खुर्च्यांवर आहेत, आणि मी त्यांना कसं वागवलं ते त्यांना आठवतं. तेव्हा अर्ज तूच द्यायचा.

आणि "भय वाटतं" म्हणून मला सांगू नकोस. सहा वर्षांची असताना आमच्या विहिरीत बेडूक आहे म्हणून तू चार दिवस आंघोळ केली नाहीस. पण पाचव्या दिवशी बादलीनं तो बेडूक बाहेर काढला कुणी? तूच. रडत रडत काढलास, पण काढलास. तसंच रडत आपिसात जा. रडणारी बाई आणि कडेवर मूल, एवढं बघून कारकून लवकर लिहून घेतो. कारण त्याला ते मूल आपिसातून लवकर बाहेर हवं असतं.

मात्र अर्जात रडू नकोस. "फार वास येतो, दया करा" असं आलेले अर्ज मी हजारानं पाहिलेत. वास कुठं शोधायचा माणसानं? वैद्यास दुखणं सांगावं तसं गटार सांगायचं. कुठं, कधीपासून, कुणापर्यंत. त्यासाठी आधी गल्ली चाल. वरच्या टोकापासून खाली. कुणाच्या दारापर्यंत पाणी तुंबलंय आणि कुणाच्या दारापासून पुढं कोरडं आहे ते बघ. जिथं ओलं संपून कोरडं सुरू होतं तिथंच बोळा. त्या घराचा नंबर लिही. मग ओव्हरसियर यायला नाही कसं म्हणतो ते बघू.

आणि मला एक कळव. मागच्या वर्षीही तुंबलं होतं का? कुठल्या महिन्यात?

तोवर खड्ड्याच्या नळाचं पाणी रंजनाला नकोच, उकळूनही नको. देवळापाशी हातपंप असेल, तिथलं आण. मग ते उकळ. चमचा खुशाल उकळ. सासूबाईंना मात्र पातेल्यात घालू नकोस, त्या मावणार नाहीत.

तुझा मामा
गुरुमूर्ती


तंजावूर
२६ सप्टेंबर १९९७, शुक्रवार

मामांस नमस्कार.

गेले मी! आपिसात गेले. रडलेही नाही, रंजनाच रडली. तुम्ही म्हणालात तसंच झालं. कारकुनानं आधी विचारलं, "तुझा नवरा कुठं?" मी म्हटलं तिरुप्पुरात. "मग त्याला येऊ दे." मी म्हटलं, गटार त्याची वाट बघत नाही, सार. तेवढ्यात रंजनानं त्यांच्या टेबलावरचा रबरी शिक्का तोंडात घातला. मग त्यांनी एका दमात अर्ज घेतला, नंबर घातला, चिठ्ठी दिली. ओव्हरसियर ८ तारखेला बुधवारी येईल म्हणाले. त्याआधी दुसऱ्या वॉर्डांची पाळी आहे. माणूस वाईट नव्हता. जाताना म्हणाला, "बाळाच्या ओठाला शाई लागलीय, ती पुस."

सासूबाईंस देवळात जाते म्हणून सांगून गेले होते. परत आले तर म्हणाल्या, "हल्ली देव जांभळा अंगारा देतो काय?"

गल्लीही चालले. वसुमतीअक्का बरोबर आली. तिची नात घरी आलीय, पण काडी झालीय. वरच्या टोकाच्या श्रीनिवासरावांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत सगळं तुंबलंय. आमच्या दाराच्या पुढं, खाली, कोरडं. अगदी कोरडं, मामा. मांजर निजलं होतं तिथं.

म्हणजे बोळा आमच्याच दारापुढच्या ओट्याखाली, तिण्णैखाली आहे.

वसुमतीअक्का माझ्याकडं बघत राहिली, मी मांजराकडं. तिण्णै मामंजींनी बांधलेली, गटारावर पुढं वाढवून. सासूबाई सकाळ-संध्याकाळ तिथंच बसतात. ती फोडावी लागली तर? अर्जात मी आमच्याच घराचा नंबर लिहिला. दोनदा खोडून पुन्हा तोच लिहिला. त्या कारकुनास वाटलं मला नीट लिहिता येत नाही.

मागच्या वर्षी विचारलंत. होय, तुंबलं होतं. ह्याच दिवसांत. मला तेव्हा पाचवा महिना होता आणि वासानं भिंत धरून उभी राहायची, म्हणून पक्कं आठवतं. पाइप अरुंद घातलाय असं सगळे म्हणतात. तसंच असेल.

आता लिहीत बसायला वेळ नाही. परवा रविवारी मामंजींचं पक्षातलं श्राद्ध. घर धुवायचं आहे, तेही हातपंपाच्या पाण्यानं. बारा खेपा झाल्या. तुमची शिफारस महाग पडली मला.

रंजना चांगली आहे.

भुवना


ओरत्तनाडु
२९ सप्टेंबर १९९७

चि. भुवना, आशीर्वाद.

शाब्बास. शिक्का खाणारी पोर आमच्या घराण्यात पहिलीच. इन्स्पेक्टर होईल.

अर्ज देणारा माणूस सगळं सांगतो आणि एक गोष्ट ठेवून देतो. एकतीस वर्षांत मी पाहिलं, बोळा बरोबर त्या ठेवलेल्या गोष्टीत असतो. तू मला मांजर सांगितलंस, कारकुनाची शाई सांगितलीस. आणि पाइप अरुंद म्हणालीस. पाइप काय फक्त पितृपक्षात अरुंद होतो?

म्हणून एकच विचारतो. तुमच्या परसात पूर्वी नारळाच्या झाडापाशी खड्डा होता. तुझ्या लग्नात मी पाहिलाय. तिथं आता न्हाणीघर आणि सिमेंट झालं ना? मग हल्ली श्राद्धाची पानं कुठं जातात?

उत्तर देताना भिऊ नकोस. पत्र सासूबाईंस वाचता येत नाही, हे तूच म्हणालीस.

मामा


तंजावूर
३ ऑक्टोबर १९९७, शुक्रवार

मामा,

तुमचं पत्र बुधवारी आलं. आधी आलं असतं तर.

सांगते. ती पानं गटारात जातात. तिण्णैच्या कडेला एक फरशी हलते, ती उचलून. पितरांच्या ब्राह्मणांची उष्टी पानं कुणाच्या नजरेस पडू नयेत, कुत्र्यानं ओढू नयेत, पुरायला हवीत. परसात सिमेंट झाल्यावर पुरणार कुठं? सासूबाई म्हणाल्या, वाहतं पाणी म्हणजे गंगाच. तेव्हापासून आमची पानं गंगेत. आमचीच नाही, गल्लीत अकरा घरं, सगळ्यांचीच. सगळे दुपारी दारं लोटून टाकतात आणि कुणी कुणाला पाहत नाही. मागच्या वर्षीच मला ठाऊक झालं. तुम्हांला काय म्हणून लिहिलं नाही? सासरची लाज माहेरी कशी लिहू?

पण ह्याहून वाईट सांगायचंय. रविवारी सासूबाईंची कंबर धरली होती. म्हणाल्या, "तू टाक." मला ठाऊक होतं, मामा. दोन दिवस आधीच गल्ली चालून आले होते. बोळा तिथंच आहे हे मला ठाऊक होतं. तरी "नको" म्हणवलं नाही. मी फरशी उचलली आणि पाच पानं घातली. ती खाली जाईनात. काठीनं ढकलली.

मंगळवारपासून रंजनास जुलाब.

नळाचं पाणी तिला एक थेंब दिलं नाही. पण ती ओट्यावर रांगते, उंबरा चाटते. काय सांगू? डॉक्टरांनी मीठ-साखरेची पुडी दिलीय, चमच्या-चमच्यानं पाजतेय. काल दहा वेळा, आज चार वेळा. रडते तेव्हा डोळ्यांत पाणी येतंय, ते चांगलं असं नर्सबाई म्हणाली. म्हणून ती रडली की मी बोट लावून बघते, ओलं आहे ना. आणि मग मीच रडते.

बुधवारी ओव्हरसियर येणार. तिण्णै उघडली की सगळी गल्ली बघेल. जी पानं कुणी बघायची नाहीत ती रस्त्यावर येतील. सासूबाई लाजेनं जगणार नाहीत. मला काय म्हणतील ते तर सोडाच, अर्ज मी दिला हे अजून सांगितलं नाही. विचारतात, "मामा काय लिहितो?" तर मी वाचते, "पाय बरा आहे, सर्वांस आशीर्वाद." त्या म्हणतात, तुझ्या मामाचा पाय दर पत्रात बराच होतो, मग चालत का नाही?

मी सोमवारी जाऊन अर्ज मागं घेऊ का? लगेच कळवा.

भुवना


ओरत्तनाडु
५ ऑक्टोबर १९९७

चि. भुवना,

अर्ज मागं घ्यायचा नाही. पुड्या चालू ठेव. सहा तास लघवी झाली नाही किंवा पोर मलूल पडली तर मला विचारत बसू नकोस, तशीच उचलून आस्पत्रीत जा. आणि फरशी उचलून पानं घातलीस ती घातलीस. इतकी वर्षं गल्लीनं घातली, पाच पानं तू. दर खेपेस डोळ्यांत बोट घालून पोरीला आणखी रडवू नकोस.

सोबतचा दुसरा कागद तुझ्या सासूबाईंस आहे. पूर्ण वाचायचा. "पाय बरा आहे" असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही.

मामा


गं. भा. महालक्ष्मीबाई विहीणबाईंस गुरुमूर्तीचा सादर नमस्कार.

हा कागद सून वाचते आहे. ती मध्ये थांबली तर तिला थांबू देऊ नका.

गटाराचा अर्ज तिनं दिला. मी द्यायला लावला. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, मी पंधरा मैलांवर आहे आणि पळताही येत नाही.

तुमच्या तिण्णैखाली काय आहे हे तुम्हांला आणि मला ठाऊक आहे. तुम्ही म्हणता वाहतं पाणी म्हणजे गंगा. विहीणबाई, एकतीस वर्षं माझी नोकरी गटारांत झाली, गंगा एकदाही भेटली नाही. भेटली असती तर नाव विचारून घेतलं असतं.

आता माझं ऐका. बासष्ट साली मी सरकारी क्वार्टरात होतो. परस नाही. वडिलांचं पहिलं श्राद्ध झालं आणि पानं मी, सॅनिटरी इन्स्पेक्टरनं, मागच्या गटारात घातली. चार दिवसांनी ते तुंबलं. माझ्याच हाताखालचा माणूस आत उतरला. पानं त्यानं हातानं काढली, एकावर एक रचून माझ्यापुढं ठेवली. मी त्याला काही म्हटलं नाही. रजिस्टरात "काढलेला माल : चिंध्या" असं लिहिलं आणि सही केली. तो माणूस पुढं वीस वर्षं मला रोज सलाम करत होता. प्रत्येक सलामाला मला ती पानं दिसायची. तो वारला. हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हांला सांगतो आहे, तेही सुनेच्या तोंडून.

पानं कुणी बघू नयेत असा शास्त्रार्थ. पण कुणीतरी दरवर्षी बघतंच. तुम्ही आत असता म्हणून तुम्हांस दिसत नाही.

बुधवारी तुम्ही तिण्णैवर असावं, दार लोटून आत नसावं, एवढीच विनंती.

आपला
गुरुमूर्ती


तंजावूर
१४ ऑक्टोबर १९९७, मंगळवार

मामांस नमस्कार.

रंजना बरी आहे. हे आधी लिहिते. गेल्या आठवड्यात सोमवारीच जुलाब थांबले, मंगळवारी तिनं माझं नाक चावलं.

अर्ज मागं घ्यायला गेले नाही, तुमच्या पत्राची वाट बघितली. पत्र मंगळवारी दुपारी आलं. मी वाचायला बसले आणि अर्जाच्या ओळीपाशी थांबले. म्हटलं, आपण हे सोडून पुढचं वाचावं. दोन ओळी वाचून कागदाची घडी घातली. सासूबाई म्हणाल्या, "हातभर कागद आणि वितभर मजकूर? उलगड तो." उलगडला. मग वाचलं, सगळं. गंगेचं वाचताना त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण हसल्या नाहीत. त्या माणसाच्या सलामाशी आले तेव्हा त्यांनी सुपारी कातरायची थांबवली. संपल्यावर विचारलं, "अर्जात कुणाचा नंबर घातलास?" मी म्हटलं, आपला. "वरच्या श्रीनिवासरावांचा का नाही घातलास?" मी म्हटलं, बोळा आपल्याकडं आहे. "खरं बोलायची खोड तुला कुठून लागली," म्हणाल्या आणि आत निजायला गेल्या. रागावल्या की नाही ते कळलं नाही. मी रात्रीचं जेवले नाही, त्या मात्र दोनदा ताक मागून जेवल्या.

बुधवारी दहा वाजता ओव्हरसियर आला. बरोबर तीन माणसं आणि अंजलै. अंजलै म्हणजे आमच्या गल्लीची झाडणारी, पन्नाशीची, आवाज तर असा की देवळात ऐकू जावा. गल्लीतली सगळी माणसं बाहेर, लग्नाला आल्यासारखी. पहारीनं फरशी उचलली. लांब सळईला आकडा लावून दोघांनी ओढलं, येईना. मग अंजलै गुडघ्यावर बसली, खांद्यापर्यंत हात घातला आणि पहिला गठ्ठा काढला. मामा, पानं काळी झाली होती, पण दुमडलेली तशीच होती. मी दुमडते तशी. वरची पाच तर हिरवीच होती. त्यांच्याखाली आणखी, त्याखाली आणखी. रस्त्यावर ढीग झाला.

ओव्हरसियरनं विचारलं, "हे कुणाचं?"

काय सांगू तुम्हांला. अकरा घरची माणसं, आणि सगळ्यांना एकदम आभाळात काही तरी दिसलं. श्रीनिवासराव म्हणाले, "पाइप अरुंद आहे हो." वसुमतीअक्का पदर चाचपायला लागली. मी रंजनास घट्ट धरलं आणि तोंड उघडलं. आवाज काही निघाला नाही, पण उघडलं होतं, हे मी देवाशपथ सांगते.

तेवढ्यात तिण्णैवरून सासूबाई म्हणाल्या, "वरची पाच आमची. आमच्या ह्यांची. खालची कुणाची ते खाली उभे आहेत त्यांना विचारा."

अंजलैनं हात कोपरापासून निपटला आणि वर बघितलं. "पाट्टी," आजीला म्हणतात तसं म्हणाली, "ही कुणी बघायची नसतात ना? मी दरवर्षी बघते. ह्याच हातानं काढते. मग मी कुणी नाही काय?"

तमिळमध्येच म्हणाली, पण असं हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं आता सासूबाई काही तरी कडक बोलणार. त्यांच्या हनुवटीस ते थोडं आलंही होतं. पण म्हणाल्या, "आहेस. आम्हीच डोळे मिटून बसलो." मग ओव्हरसियरला म्हणाल्या, "सार, ही तिण्णै गटारावर आलीय तेवढी फोडा. पुढच्या वेळी हिला खांद्यापर्यंत हात घालावा लागू नये." ओव्हरसियर म्हणाला, "आम्ही नोटीस देतो, तुम्ही फोडा." तर ह्या म्हणाल्या, "नोटीस यायला माझं श्राद्ध येईल. पहार इकडं द्या."

दिली त्यानं. त्यांना उचलेना. मग त्या माणसांनीच दोन हात पुढची तिण्णै तोडली आणि सासूबाई उरलेल्या तुकड्यावर बसून "सरळ तोडा, सरळ" म्हणत होत्या. अंजलैस मी साबण आणि गरम पाणी दिलं. ती म्हणाली, "पाणी उकळलेलं आहे ना? तू उकळतेस ते सगळ्या गल्लीस ठाऊक आहे." लोक माझी चेष्टा करतात हे मला ठाऊकच नव्हतं.

आता पुढचं सासूबाई सांगताहेत, मी लिहिते. त्यांनी सांगितलंय की एक अक्षर गाळायचं नाही आणि शेवटी वाचून दाखवायचं.

"गुरुमूर्तीरावांस नमस्कार. तुमचा कागद पोचला. तुम्हांस सून नाही म्हणून बरं, नाही तर तिलाही असं शिकवलं असतंत. परसातलं सिमेंट गवंडी बोलावून चार फूट फोडलं आणि खड्डा केला. न्हाणीघराच्या बाजूस, पाणी लागणार नाही असा. गल्लीतल्यांस सांगितलं, ज्यांना परस नाही त्यांनी पानं आमच्याकडं आणावीत. श्रीनिवासराव विचारायला आले. मी म्हटलं, तुमचे वडील आणि आमचे हे भिंतीवरून बारा वर्षं बोलले नाहीत, आता एका खड्ड्यात राहतील का ते तुम्हीच त्यांना विचारून या. (मामा, ते खरंच विचारात पडले, तासभर आले नाहीत. — भुवना.) मग आले, हो म्हणाले. भुवना मध्ये काय लिहितेस? मी एवढं बोलले नाही. असो. तुम्ही त्या माणसास काही म्हटलं नाहीत, ते वाईट केलंत. त्याची घरची माणसं असतील तर जाऊन या. पाय बरा झाल्यावर. आता तरी खरा बरा होऊ दे. महालक्ष्मी."

हे त्यांना वाचून दाखवलं. कंसातलं सोडून.

मामा, नळाचा खड्डाही बुजवला आम्ही. नळ वर घेतला, हातभर. पाणी बारीक येतं, एक घागर भरायला अर्धा तास लागतो. पण गटार त्याच्या खाली आहे आता. शुक्रवारी पहिलं पाणी आलं. अगदी स्वच्छ, वास नाही. सासूबाई म्हणाल्या, दे आता पोरीस. माझा हात होईना. ते पाणी मी उकळलं, गाळलं, आणि आधी मीच प्याले. पूर्ण चंबूभर. मग शनिवार, रविवार वाट बघितली. पोटावर हात ठेवून झोपायची, काही दुखतं का ते बघत. सासूबाई दर तासाला विचारत होत्या, "आहेस का गेलीस?"

काही झालं नाही. काल सकाळी चमच्यानं रंजनास दिलं. तिनं एक घोट घेतला, माझ्याकडं बघितलं, आणि उरलेलं सगळं माझ्या अंगावर फुंकलं.

आज पुन्हा दिलं. आज प्याली.

भुवना